घरचं नाव

"बारा वर्षं चैत्रातच पुरी झाली, वहिनी. आता कुठवर वाट बघायची?"

बापूकाका आमच्या दुकानाच्या फळीवर टेकून बोलत होते आणि आई त्यांच्याकडे न बघता एका मुलीच्या हातात बांगड्या भरत होती. मुलीनं हात ताठ धरला होता. आईनं तिच्या अंगठ्याचा सांधा हलकेच दाबला आणि म्हणाली, "सैल सोड गं. माझ्या हाताकडे नको बघूस, रस्त्याकडे बघ." मुलीनं रस्त्याकडे बघितलं आणि तेवढ्यात बांगडी मनगटात उतरलीसुद्धा.

मी आतल्या दाराशी उभी होते. त्याच सकाळी उदगीरहून फलटणला पोचले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाच्या, गोविंदाच्या, पहिल्या मुलाचं बारसं होतं आणि मी एकुलती एक आत्या. गोविंदाच्या बायकोला, वृंदाला, माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलंच बाळंतपण असूनही ते आमच्याकडे झालं होतं. आतल्या खोलीतून शेक-शेगडीचा आणि ओव्याच्या धुरीचा वास येत होता.

"वाट कोण बघतंय, भावजी?" आई म्हणाली.

"बघत नाही ना? मग माझं ऐका. गुरुजींना विचारून आलोय मी. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. उद्याचं बारसं पुढं ढकला. आधी दादाचा विधी होऊ दे, मग त्याचं नाव नातवाला ठेवा. माझीच हौस आहे हो त्या नावाची. पण रीतीनं."

"आणि विधी नाही केला तर?"

"तर दुसरं नाव ठेवा. जिवंत माणसाचं नाव घरात दुसऱ्याला ठेवत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

ती मुलगी बांगड्या खुळखुळवत निघून गेली. आई उरलेल्या बांगड्या दोरीत ओवत राहिली. तिच्या स्वतःच्या दोन्ही हातांत मनगटापासून निम्म्या हातापर्यंत हिरवा चुडा होता आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बापूकाकांची नजर त्या हातांवर गेली आणि तिथून लगेच बाजूला झाली. विधी म्हणजे काय, हे त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती. पुतळ्याला अग्नी दिला की त्याच दिवशी आईचं कुंकू पुसायचं, बांगड्या वाढवायच्या. आणि आई होती कासारीण. फलटणात आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत लग्नाचा चुडा भरायला तिलाच बोलावणं यायचं. नव्या नवरीच्या हाताला विधवेचा हात लागू देणारं घर तेव्हा शोधून सापडलं नसतं.

"नाव घरचंच ठेवायचं, भावजी," आई म्हणाली. "आणि बारसं उद्याच."

बापूकाका उठले. वाईट माणूस नव्हता तो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा गोविंदा बारा वर्षांचा होता. काकांनीच त्याला शेजारी बसवून धंदा शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं. पण रीत म्हटली की त्यांच्या मानेत खिळा ठोकल्यासारखा व्हायचा. "मग उद्या मी सगळ्यांच्या देखत विचारीन," एवढंच बोलून ते समोरच्या त्यांच्या दुकानात गेले.

आमच्या घरात दोनच नावं. पणजोबा त्रिंबक, आजोबा गोविंद, वडील त्रिंबक, भाऊ गोविंद. आजा गेला की त्याचं नाव नातवाला. हे इतकं पक्कं होतं की दुकानावरची पाटी कधी रंगवून बदलावी लागली नाही. 'त्रिंबक गोविंद कासार' किंवा 'गोविंद त्रिंबक कासार', लोक दोन्ही नावांनी यायचे.

अण्णा गेले ते शिंगणापूरच्या यात्रेला. चैत्रातली यात्रा, बांगड्यांचा पेटारा घेऊन दरवर्षी जायचे तसेच गेले. मी सतरा वर्षांची होते. पाचव्या दिवशी दहिवडीच्या एका ओळखीच्या कासारानं पेटारा परत आणून दिला. पेटारा आला, माणूस आला नाही. काका आठवडाभर डोंगर आणि विहिरी धुंडाळत फिरले. पोलिसांत सांगून झालं, देवाला कौल लावून झाला. हळूहळू सगळ्यांनी मनातल्या मनात अण्णांना मेलेलं धरलं. फक्त आईनं कुंकू ठेवलं, चुडा ठेवला. लोक म्हणायचे, बिचारी अजून वाट बघते.

संध्याकाळी मी बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसले. वृंदा बी.ए. झालेली, मनानं सरळ. बाळाला मांडीवर घेऊन ती हळूच म्हणाली, "ताई, मला निखिल आवडतं. पण माझा हट्ट नाही. घरात भांडण नको, एवढंच वाटतं."

"ठेवू निखिल," मी म्हणाले. मला मोकळंच वाटलं. निखिल ठेवलं की विधी नको, भांडण नको, आणि मला एक गोष्ट बोलायलाही नको, जी मी पाच वर्षं गिळून बसले होते.

सकाळी आई चुलीवर घुगऱ्यांचे हरभरे शिजवत होती. मी शेजारी पाट ओढून बसले.

"आई, निखिल ठेवू या. वृंदाच्याही मनात आहे. काकांचंही समाधान होईल."

"नाही."

"अगं, एका नावासाठी..."

"इंदू, मीठ दे."

मी मीठ दिलं. तिनं ते मुठीनंच टाकलं, झाकण ठेवलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. मला कळलं, ही ऐकायची नाही. हिला हे नाव हवंय, काका विधीवर अडून बसणार, आणि भरल्या बारशात हिच्यावर 'विधीला हो म्हण' अशी वेळ येणार. म्हणजे मी गप्प राहिले म्हणून, जिचा नवरा जिवंत आहे अशी बाई आपल्या हातानं बांगड्या वाढवणार.

"आई, विधी करायचा नाही. अण्णा जिवंत आहेत."

ती हरभरे ढवळत राहिली.

मग मी सगळं सांगितलं. एसटीत नोकरीला असलेल्या आमच्या ह्यांची बदली होऊन आम्ही उदगीरला गेलो त्या वर्षीची गोष्ट. गुरुवारच्या बाजारात भाजी घेत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "सैल सोड हात. रस्त्याकडे बघ." ही युक्ती अण्णांची. आईला त्यांनीच शिकवली होती. वळून बघितलं तर ताडपत्रीखाली अण्णा. केस पांढरे, पण तेच. शेजारी एक बाई बांगड्यांचे जोड लावत होती आणि चार-पाच वर्षांची एक पोरगी त्यांच्या पाठीवर रेलली होती. त्यांनीही मला ओळखलं. उठून चार पावलं बाजूला आले. मी म्हणाले, "घरी चला." ते म्हणाले, "आता नाही जमायचं, इंदे. इथं हे सगळं झालंय. आईला सांगू नकोस. गेला म्हणून समजू दे तिला." मी तशीच घरी आले. त्यानंतर गुरुवारच्या बाजाराला मी कधी गेले नाही.

"पोरगी आता दहा वर्षांची असेल," आई म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"नऊ वर्षं झाली. तो बांगड्यांचा घाऊक माल घेऊन येतो ना, पेटीवाला, तो सगळे बाजार फिरतो. त्यानं सांगितलं. शपथ घालून सांगितलं बिचाऱ्यानं, की बाई, रागावू नका, पण मालक दिसले." आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आणि तुला ठाऊक आहे हेही मला ठाऊक होतं. तू त्या दिवाळीला आलीस ती माझ्या डोळ्याला डोळा देईनास. चार दिवस कपडेच धूत बसलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

आई हसली नाही, रडलीही नाही. नऊ वर्षांत तिनं ते कधी कुठं रडून घेतलं असेल, मला अजून सांगता येत नाही.

"म्हणजे हे कुंकू, हा चुडा..."

"नवरा जिवंत आहे ना माझा? मग मी कुठं खोटं करतेय?"

"पण मग त्या माणसाचं नाव तुला घरात हवंय कशाला?" माझा आवाज चढला. "ज्यानं आपल्याला असं टाकलं, त्याचं नाव गोविंदाच्या पोराला?"

आईनं पहिल्यांदाच चुलीकडून मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं.

"त्यांचं कुठलं गं? ते नाव तुझ्या पणज्याचं. त्यांनी डोक्यावर पेटारा घेऊन गावोगाव फिरून हे दुकान उभं केलं. यांना ते वापरायला दिलं होतं. माणूस घर सोडून गेला तर जाऊ दे, त्याला दावं लावता येत नाही. पण घरची वस्तू ठेवून जावं की नाही? पेटारा पाठवला परत, नाव नाही पाठवलं. ते घेऊन ते तिथं बसलेत. माणूस मला नको. नाव पाहिजे."

बाहेर पाळणा टांगायला गोविंदानं दोन माणसं आणली होती. त्यांचा आवाज यायला लागला. आई उठली.

"दुपारी मी सांगेन तेव्हा नाव ठेव. तू आत्या आहेस, मान तुझा आहे. मध्ये थांबू नकोस."

"आणि काकांनी विचारलं तर?"

"विचारू दे की. त्यांचा हक्क आहे."

चार वाजता बायका जमल्या. पेठेतल्या होत्या, कासार आळीतल्या होत्या, आणि आईच्या हातचा चुडा भरलेल्या सुना-लेकी तर कितीतरी. ओसरीवर पाळणा. त्यात आधी कुंची घालून वरवंटा निजवला, मग बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." वृंदा हिरव्या साडीत, अजून अशक्त, पण चेहरा उजळलेला. तिला काहीच माहीत नव्हतं. गोविंदालाही नव्हतं.

मी बाळाच्या कानाशी वाकले आणि उंबऱ्यातून काकांचा आवाज आला.

"इंदू, थांब. कुठलं नाव ठेवतेस?"

मी ताठ झाले. "घरचं, काका."

काका आत आले नाहीत, उंबऱ्याच्या पलीकडेच उभे राहिले. मागं गोविंदा.

"वहिनी, चारचौघांत बोलायला मला आवडत नाही," ते म्हणाले. "पण एक काय ते सांगा. दादा गेला असं म्हणता, तर तुमच्या हातात बांगड्या कशा? आणि आहे असं म्हणता, तर त्याचं नाव पोराला कसं? दोन्ही कसं चालेल?"

खरं सांगायचं तर प्रश्न चोख होता. तिथं बसलेल्या प्रत्येक बाईच्या मनात तो आला असणार. अजूनही वेळ होती. मी 'निखिल' म्हणून मोकळी झाले असते तर घुगऱ्या वाटून सगळ्या आपापल्या घरी गेल्या असत्या. मी आईकडे बघितलं. ती पाळण्याच्या पलीकडून उठून उभी राहिली, पदर खांद्यावरून घेतला.

"ते आहेत, भावजी," ती म्हणाली. "उदगीरला आहेत. तिथं त्यांचं घर आहे, बायको आहे, मुलगी आहे. बांगड्यांचाच धंदा करतात. मला नऊ वर्षांपासून ठाऊक आहे. इंदूनं डोळ्यांनी बघितलंय. इकडं यायचे नाहीत. पुतळा कुणाचा जाळायचा ते तुम्हीच सांगा."

कुणाच्या तरी मांडीवरचा घुगऱ्यांचा पुडा ओसरीवर सांडला. हरभरे घरंगळत गेले, पण कुणी वाकून उचलले नाहीत.

बापूकाका मटकन उंबऱ्यावर बसले. त्यांचा भाऊ जिवंत होता, हे त्यांना बारा वर्षांनी कळत होतं, आणि तेही असं.

"मला... मला का नाही सांगितलंत, वहिनी? मी किती विहिरी धुंडाळल्या..."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच नाही सांगितलं." आईचा आवाज तिथं थोडा मऊ झाला. "तुम्ही त्यांना हाताला धरून घेऊन आला असता. आणि तुमच्या शब्दाखातर मला त्यांना घरात घ्यावं लागलं असतं. मला घ्यायचं नव्हतं."

काकांनी मान खाली घातली. मग त्यांनी शेवटचं ते धरून ठेवलं, जे त्यांच्या हातात उरलं होतं.

"पण जिवंत माणसाचं नाव ठेवलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात."

"त्यांचं आयुष्य त्यांच्यापाशी राहू दे. शंभर वर्षं जगू देत. मी नाव परत घेतेय, आयुष्य नाही घेत."

आता सगळ्यांच्या नजरा गोविंदाकडे गेल्या. पोर त्याचं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. तो काकांच्या बाजूनं वाट काढून आत आला, माझ्यासमोर उभा राहिला.

"ताई, तू बघितलंस त्यांना?"

"हो."

"बरे आहेत?"

"बरे आहेत."

तो पाळण्यावर वाकला. बाळ जागं होतं, मुठी तोंडात घालायच्या खटपटीत. गोविंदानं पाळण्याची दोरी हातात धरली आणि म्हणाला, "ठेव नाव."

मी वाकले. माझ्या पाठीत धपाटे घालायचं सगळ्या विसरल्या होत्या. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मग तोंड वर करून, उंबऱ्यापलीकडे रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "त्रिंबक!" तेव्हा कुठं आळीतल्या सखूआजी भानावर आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पाळण्यावरच कोसळायची.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. गावात चर्चा व्हायची ती झाली. त्या वर्षीच्या लगीनसराईत चार-पाच घरांनी चुडा भरायला आईला बोलावलं नाही. टाकलेल्या बाईचा हात नको म्हणाले. आईनं कुणाला विचारलं नाही, कुणाची मनधरणी केली नाही. रोज सकाळी फळी उघडून बसत राहिली. पुढच्या सराईला त्यांतलीच दोन घरं आपणहून आली, कारण आखडलेल्या हातात न दुखवता बांगडी उतरवणारं दुसरं कुणी नव्हतं. बापूकाका महिनाभर आमच्या दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले आणि पोराला उचलून स्वतःच्या दुकानात घेऊन गेले. ते एकटेच उदगीरला जाऊन आले, असं मला नंतर कळलं. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिचं अंत्यदर्शन घ्यायला पेठ लोटली होती. अण्णा आले नाहीत, आम्हीही कळवलं नव्हतं.

पण त्या बारशाच्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं.

दिवे लागले होते. बायका गेल्या, गोविंदा देवळात जाऊन बसला होता. बाळ रडायला लागलं तसं वृंदानं पाळण्यापाशी जाऊन "ए बाळा, ए सोन्या" केलं. मग थांबून आईकडे वळली. ती दुपारपासून फारसं बोललीच नव्हती.

"आई, मी त्याला काय हाक मारू? सासऱ्यांचं नाव... सुनेनं कसं घ्यायचं?"

आमच्याकडे सासऱ्याचं नाव सून घेत नाही, नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. अशा घरांत पोरांना मग आप्पा, दादा अशी वरची नावं पडतात. मला वाटलं, आईही तसंच काहीतरी सुचवील.

"नावानंच मारायची," आई म्हणाली. "कुणाला भ्यायचं?"

"पण तुम्हीसुद्धा कधी..."

वृंदाचं खरं होतं. उखाण्यात कधी काळी घेतलं असेल तर असेल, माझ्या कानांनी ते नाव आईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. 'हे', 'मालक', 'इंदूचे वडील', 'घरचं नाव'. आदल्या दिवसापासून ती एवढी भांडली त्या नावासाठी, पण एकदाही ते तिनं उच्चारलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आई पाळण्याशी गेली. दोन्ही हातांनी बाळाला उचललं, समोर धरलं. ते रडायचं थांबून तिच्याकडे टकमक बघायला लागलं. आईचे ओठ विलग झाले आणि पुन्हा मिटले. तीस-बत्तीस वर्षांची सवय होती ती.

मग तिनं श्वास घेतला.

"त्रिंबक," ती म्हणाली. आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, शेताच्या बांधावरून पोराला घरी बोलवावं तसं, "ए त्रिंबक!"